काल्हेरची चंद्राकाकी आणि पांढरं पान

लॅपटॉपवर चंद्राकाकीचा राग होता तो एकाच गोष्टीसाठी. त्याला काही विचारलं की तो पांढराफटक चेहरा करून बसायचा. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. माणूस असता तर काकीने एव्हाना त्याची चांगली खरडपट्टी काढली असती, पण यंत्राला शिव्या देऊन समाधान होत नाही. म्हणून त्याच्या वाटणीच्या शिव्याही ती नवशाला देत होती. नवशा म्हणजे त्यांच्या आळीत इंटरनेटची लाइन टाकणारा. चाळिशीला टेकलेला, अंगाने किडकिडीत, आणि फोन केला की "पाच मिनटांत आलो, काकी" म्हणून दोन दिवसांनी उगवणारा.

पण आधी काकी कोण ते सांगायला हवं. काल्हेरला गोदामांच्या एका मोठ्या कंपाउंडच्या तोंडाशी तिची चहाची टपरी होती. बावीस वर्षं. चहा बरा होता, फार काही भारी नव्हता. लोक थांबायचे ते पत्ता विचारायला. त्या कंपाउंडात गाळ्यांचे नंबर असे पडले होते की चौदाच्या शेजारी एकेचाळीस आणि पंधरा थेट नाल्यापलीकडे. ज्याला जेव्हा सुचलं तेव्हा त्याने गाळा बांधला आणि नंबर ठोकला. हरयाणातून, तमिळनाडूतून चार-चार दिवस गाडी हाकत आलेले ड्रायव्हर तिथे पोचून रडकुंडीला यायचे. मग काकी हातातलं गाळणं तसंच धरून सांगायची, "सीधा जाव, पानी की टंकी, उसके बाजू में नीला शटर. हॉर्न मत मारना, शेठ सोता है." तिने सांगितलेली एकही गाडी चुकली नाही, असं ती स्वतः म्हणते. दोन-चार चुकल्या असतील, पण तिच्यासमोर तसं बोलायची कोणाची छाती नाही.

मग मोबाइलवर नकाशे आले. ड्रायव्हर काचही खाली न करता आत शिरायला लागले. त्यात रस्ता रुंद झाला, टपरी उठली, काकीचे गुडघे कुरकुरायला लागले. दोन वर्षांपूर्वी ती घरी बसली. जिला दिवसाला दोनशे माणसं विचारायची, तिला आता घरात "आई, जिऱ्याचा डबा कुठे आहे?" एवढंच कोणी विचारत होतं. त्याचं तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ती भांडी घासायला काढायची. घासलेली असली तरी.

"आई" म्हणणारी ही तिची सून, मेघाली. मुलगा दीपेश टेम्पो घेऊन नाशिक-सुरत करायचा, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. मेघाली जवळच्याच एका गोदामात पॅकिंगला होती. बारा तासांची ड्युटी, सगळी उभ्याने. घरी आली की तिच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तो बराच वेळ भरून यायचा नाही. तिची चार वर्षांची मनाली आईला बघायची ती एक तर घाईघाईने दाराबाहेर जाताना, नाही तर भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

अशात मेघालीला घरबसल्या काम मिळायची संधी आली. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, इंटरनेटवर उघडून बघायच्या आणि नंबर, गाव, वजन टाइप करून ठेवायचं. कंपनीने आठवडाभराची चाचणी ठेवली होती. पहिले चार दिवस हात बसवायला. शुक्रवारी आणि शनिवारी मात्र रोज दीडशे बिल्ट्या व्हायला हव्यात. झाल्या तर काम पक्कं, नाही झाल्या तर सोमवारपासून पुन्हा खोके चिकटवायला उभं राहायचं. पॅकिंगचा सुपरवायझर चिंधू भला माणूस होता, पण त्यानेही सांगून ठेवलं होतं, "शनिवार संध्याकाळपर्यंत जागा धरतो, वहिनी. त्याच्यापुढं माझ्या हातात न्हाय."

मेघालीची बोटं अशी पळायची की काकी भाजी निवडायची सोडून बघत बसायची. पण पान उघडेल तेव्हा ना! एका बिल्टीसाठी चार पानं उघडायला लागायची आणि प्रत्येक पान अर्धा मिनिट, कधी अख्खं मिनिट पांढरं. मेघालीचे हात हवेत, काकीचा जीव टांगणीला. दिवसभर मान मोडून काम केलं तरी आकडा नव्वदच्या वर सरकेना. बुधवारी संध्याकाळी मेघाली मोरीत नळ सोडून रडली. पाण्याच्या आवाजात कळणार नाही असं तिला वाटलं, पण काकीचे कान गाड्यांच्या गर्दीतून "गाळा नंबर?" ऐकायला तयार झालेले होते.

घरातले उपाय करून झाले होते. ती इंटरनेटची डबी, राउटर, मेघालीने दिवसातून दहा वेळा बंद करून चालू केली. डबी फ्रिजवर असायची. धूळ बसू नये म्हणून काकीने तिच्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि रुमाल उडू नये म्हणून वर स्टीलची परात पालथी घातली होती. ती परात आणि रुमाल काढून काकीने डबी खिडकीत ठेवली. म्हणाली, "बिचारी गुदमरली असंल." डबी मोकळी झाली, पान काही हललं नाही.

गुरुवारी दुपारी नवशा एकदाचा आला. आल्या आल्या त्याने मोबाइलवर स्पीड मोजला आणि खूश झाला.

"काकी, पन्नासचा प्लॅन हाय तुझा, नि येतायत एकावन! एक जास्तच देतंय कंपनी."

"तो एक काढून ने तुझ्या घरी, नि पान उघडून दे," काकी म्हणाली.

नवशाने मग डबीतून लॅपटॉपला थेट वायर जोडली. पान पांढरं. त्याने लॅपटॉपकडे संशयाने पाहिलं, सेकंड हँड आहे ना, असं दोनदा विचारलं, त्यात साचलेला सगळा जुना कचरा पुसून काढला, पडद्यावरच्या उघड्या खिडक्या मिटल्या. तरी पान पांढरं. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, चला गच्चीवर. मोबाइलच्या नेटवर उघडून बघू." गोदामांच्या पत्र्यांमुळे घरात मोबाइलला रेंज धड मिळायची नाही, ती गच्चीवर मिळायची. तिथे पान उघडलं, तेही चुटकीसरशी. म्हणजे लॅपटॉप निर्दोष सुटला. मेघाली म्हणाली, मग मी इथेच बसून काम करते. पण मे महिन्याचं ऊन! दहा मिनिटांत लॅपटॉपवर भाकरी शेकता आली असती. शिवाय मोबाइलचं नेट एवढ्या कामाला दुपारपर्यंतही पुरलं नसतं. तिघंही घाम पुसत खाली आली.

"आता माझ्या हातात काय न्हाय," नवशा बॅग भरत म्हणाला. "वर तक्रार टाकतो. सोमवारी इंजिनिअर येईल."

सोमवारी! मेघालीने लॅपटॉप हळूच मिटला आणि फोन हातात घेतला.

"राहू दे, भाऊजी. मी चिंधूभाऊंना सांगून टाकते, येते म्हणून. उगाच त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. रडली असती तर परवडलं असतं.

"ठेव तो फोन खाली," काकी कडाडली. "नि तू रं नवशा, बस तिथं. पान उघड पुन्हा. मला बघू दे."

नवशा बसला. काकीपुढे बसण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. पान उघडायला घेतलं. पांढरं. काकी बोटांवर मोजत होती. बाविसाव्या बोटाला सगळं पान एकदम समोर.

"आता मनालीचं कार्टून लाव." कार्टून सुरू व्हायला वेळ लागला, पण सुरू झाल्यावर कुठे अडखळलं नाही.

"ते एकदा चालू झालं की पळतं, काकी," नवशा म्हणाला.

"एकदा चालू झालं की! तेच तर!" काकीने मांडीवर थाप मारली. "आता मला सांग, ट्रॅफिकमधी अडकलेली गाडी कशी येते? जरा पुढं, जरा थांब, जरा पुढं. हे पान तसं येतं का? न्हाय. पांढरं, पांढरं, पांढरं, नि मग फाडकन सगळं. ही गाडी अडकलेली न्हाय, बाबा. रस्ता मोकळा हाय. ही गाडी इंजन चालू ठेवून कोणाला तरी पत्ता विचारत उभी हाय, नि तो मेला तोंड उघडत न्हाय!"

नवशाचा हात बॅगेच्या चेनवरच थांबला.

"असं कायतरी असतं का रं तुमच्यात?" काकीने जरा नरमून विचारलं.

"असतं ना," नवशा म्हणाला. "साइटचं नाव टाकलं की तिचा नंबर काय ते आधी एका मशीनला विचारायला लागतं. त्यानं सांगितलं की मगच गाडी निघते. त्यानं न्हाय सांगितलं, तर वाट बघून दुसऱ्या मशीनला विचारते."

"मग झालं! आमच्या जुन्या गेटसारखं हाय ते. गेट हलवलं, पण केबिन तिथंच राहिली. वर पाटी, 'चौकशी येथे करावी', आत वॉचमनच न्हाय. लांबचे ड्रायव्हर दहा-दहा मिनटं हॉर्न मारायचे, नि मग कटाळून माझ्याकडं यायचे. बघ, तुझी कुठली केबिन बंद हाय ते."

नवशाने राउटरच्या आतली सेटिंगची पानं उघडली. दोन नंबर लिहिलेले होते. पहिला त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचे कान लाल झाले. मेघालीने ते पाहिलं. काकीने तर पाहिलंच.

"बोल."

"हा नारपोलीच्या जुन्या ऑफिसातल्या मशीनचा नंबर," नवशा खाली बघत म्हणाला. "पंधरा दिवस झाले, ऑफिस धामणकर नाक्याला हललं. ते मशीन बंद केलं."

"नि घराघरातला नंबर बदलायचं काम कोणाचं होतं?"

"माझंच."

"मग?"

"दोन आळ्या केल्या मी. तुमची तिसरी. पण त्याच दिवशी हळद होती ना, काकी... तिकडं गेलो, नि राहूनच गेलं."

"कोणाची हळद?"

"तुझ्याच भाच्याची. तूच तर म्हनालीस, रात्रभर नाचल्याशिवाय जायचं न्हाय."

त्या हळदीत काकीही कुरकुरणारे गुडघे घेऊन नाचली होती, आणि आळीतल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ होता. तिचं हसू असं फुटलं की आत झोपलेली मनाली उठून बाहेर आली.

नवशाने पहिला नंबर खोडून नवा टाकला, डबी बंद करून चालू केली. दिवे एकेक करून लागले. मेघालीने बिल्टीचं पान उघडलं. बोट बटणावरून उचलायच्या आत पान हजर! तिने ते बंद केलं, पुन्हा उघडलं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. काही काम नसताना नुसती पानं उघडत आणि मिटत ती किती वेळ हसत बसली. आळीतली उरलेली घरं संध्याकाळच्या आत उरक, असा नवशाला दम भरून काकीने त्याला चहा दिला आणि दोन बिस्किटंही दिली.

शुक्रवारी सकाळीच दोन तास लाइट गेली. काकीने वीजवाल्यांच्या नावाने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण लाइट आल्यावर मेघालीने जेवायलाही न उठता गाठलं, एकशे बावन्न. शनिवारी चार वाजताच एकशे सत्तर झाल्या. पाचच्या सुमारास कंपनीच्या मॅडमचा फोन आला. मेघाली उभी राहून बोलली, "हो मॅडम, हो मॅडम" एवढंच, आणि फोन ठेवून सासूकडे वळली.

"पक्कं झालं, आई."

काकी काही बोलायच्या आत फोन पुन्हा वाजला. चिंधू होता. मेघालीने फोन तसाच सासूकडे दिला.

"काकी, वहिनी सोमवारी येतायत ना? मी जागा धरलीय."

"न्हाय येत," काकी म्हणाली.

"काय?"

"न्हाय येत, चिंधू. तुझे उपकार हायत बाबा, पण दे जागा दुसऱ्या कोणाला."

त्याला दोन्ही वेळा नीट ऐकू आलं होतं. तरी काकीने तिसऱ्यांदा, आळीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझी सून न्हाय येत!" आणि फोन ठेवून ती रडायला लागली, हसत हसतच. मेघालीही तशीच.

मनाली दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मोठी माणसं का रडतायत ते तिला कळेना, पण कामाची गोष्ट तिने बरोबर टिपली होती. ती आजीच्या मांडीवर चढली.

"मग उद्या पण आई घरी?"

"उद्या पण घरी."

"सोमवारी?"

"सोमवारी पण हाय."

"मंगळवारी?"

"मंगळवारी पण."

मनालीला नुकतेच सगळे वार पाठ झाले होते. शनिवारपर्यंत ते संपले तेव्हा ती जरा थांबली, तिने आईकडे वळून बघितलं, आणि पुन्हा रविवारपासून विचारायला लागली. काकी प्रत्येक वाराला "हाय, हाय, घरीच हाय" म्हणत राहिली.