बेथलेहेमपर्यंतची चौकशी

सोयरीक जुळवताना मुळापर्यंत जाणारी माणसं वऱ्हाडात गावोगाव सापडतील, पण आमच्या मामेसासऱ्यांइतका खोल गेलेला दुसरा माणूस कोणी दाखवला तर मी मिशी उतरवून ठेवीन. इतर लोक फार तर मुलाच्या पणजोबांपर्यंत जातात आणि चहा पिऊन परत येतात. आमचे मामा मूळ शोधत शोधत थेट बेथलेहेमला पोचले आणि जाताना मलाही फरफटत घेऊन गेले. माझा गुन्हा एवढाच की मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. माझा इतिहास गाविलगडाच्या पायथ्याशी सुरू होतो आणि वर चढेपर्यंत दमतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. पण मामांच्या मते इतिहासाच्या मास्तरला सगळ्या जगाचे आजे-पणजे पाठ असायला हवेत, नाही तर त्याने इतकी वर्षं पगार कशाचा घेतला?

मामा म्हणजे माझ्या बायकोच्या आईचे सख्खे भाऊ. परतवाड्याला संत्र्याची बाग, धोतर झकास पांढरं, आणि चष्म्याची दोरी मात्र पोतं शिवायच्या सुतळीची. लहानपणीच ते थोरल्या चुलत्याला, सुखदेवरावांना, दत्तक गेले. धाकटे किसनराव, म्हणजे त्यांचे जन्मदाते, अकोल्याकडच्या खेड्यात राहायचे आणि दिवाळीला परतवाड्याला यायचे. मामा त्यांना जन्मभर ‘काका’च म्हणत आले. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक, आणि कोणी चुकूनही काढत नाही. एकदा माझ्या बायकोने लहानपणी पंगतीत विचारलं होतं, तर मामा ताटावरून उठून बागेत गेले. तेव्हापासून तो विषय बंद.

स्वतः मात्र ते दुसऱ्यांचे बाप-आजे खणून काढण्यात पटाईत. भाऊबंदांत कोणाचंही लग्न निघालं की आधी मामांची चौकशी, मग तारीख. त्यांची पद्धत ठरलेली. मुलाच्या गावी न सांगता जायचं, पानठेल्यावर बसायचं, आणि चार जणांना विचारायचं: दाढी करणारा, किराणा देणारा, शेजारी आणि ज्याचं त्या घराशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण आहे तो. एकदा अचलपूरकडचं एक स्थळ त्यांनी साफ नाकारलं. मुलगा सरकारी नोकरीत, घरी ट्रॅक्टर, चौघांनीही तोंडभरून कौतुक केलेलं. मी म्हटलं, मामा, मग अडलं कुठे? तर म्हणाले, “चौघंही एकच बोलून राहिले, जवाईबापू. शब्दाले शब्द. म्हणजे पढवलेले हायेत.” पुढे तो मुलगा आधीच लग्न करून बसलेला निघाला, आणि मामांचा भाव असा वधारला की लोक म्हैस घेतानाही त्यांना विचारायला लागले.

तर अशा माणसाच्या सख्ख्या नातीने ख्रिस्ती मुलगा पसंत केला. ही पोरगी राजापेठेत आमच्या घराजवळच शिकवणीचे वर्ग घेते. मुलगा अकोल्याचा, वीज खात्यात, नाव आशिष. पोरीचे आईवडील म्हणाले, आबा हो म्हणाले तर आमचं काही नाही. म्हणजे सगळं ओझं आबांच्या सुतळीच्या चष्म्यावर. आम्हाला वाटलं, आता काठी निघणार. पण मामा शांतपणे अकोल्याला गेले, चौघांना विचारून आले, आणि म्हणाले, “पोरगं चांगलं हाये. आता मूळ पाहू.” त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावून कूळमूळ विचारलं. ते बिचारे दवाखान्यात कंपाउंडर होते, भाविक माणूस. ते नम्रपणे म्हणाले, “आमचं मूळ म्हणाल तर प्रभू येशूतच आहे.” बस. मामांनी त्याच दुपारी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, मिळवली आणि संत्र्याच्या झाडाखाली खाट टाकून येशूच्या घराण्याची चौकशी सुरू केली.

त्यानंतर माझ्या फोनला उसंत मिळाली नाही. सुरुवात बरी झाली. येशूचे आईवडील राहत होते नासरेथला आणि शिरगणतीसाठी निघाले बेथलेहेमला, हे मामांना झटक्यात कळलं. “मूळगाव बेथलेहेम, पोटापाण्याले नासरेथ. आपल्यासारखंच हाये की.” शोमरोनी लोकांच्या हातचं पाणी येशूच्या यहुदी लोकांना चालत नव्हतं, हेही त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. विहिरीवर येशूने त्या शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तिथे तर त्यांनी पुस्तक मिटून लगेच फोन लावला. मला म्हणाले, “मानूस बरा होता, जवाईबापू. त्या काळात कोन मागते असं पाणी?” चौघांनी लिहिलेली चार शुभवर्तमानं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, यावर मला वाटलं ते बिथरतील. उलट खूश झाले. “चौघंही येगयेगळं सांगून राहिले, म्हणजे पढवलेले नाईत.” चौघांपैकी दोघं त्याच्यासोबत फिरलेच नव्हते असं मी सांगायला गेलो, तर म्हणाले किराणावाला तरी कुठे घरात राहतो?

पण मग गुंता वाढला. हेरोद राजा एकदा मेला आणि पुढच्या पानांवर पुन्हा हजर झाला. मी सांगितलं, हा त्याचा मुलगा. “बापाचंच नाव लेकाले काहून ठेवलं? उद्या सातबाऱ्यावर काय करतीन?” मरीया तर इतक्या निघाल्या की पहिली कोणती आणि दुसरी कोणाची आई हे मलाही सांगता येईना. परूशी आणि सदूकी या यहुदी पंथांत भांडण नेमकं कशावरून, हे मी रात्री वाचून सकाळी सांगायचो आणि दुपारपर्यंत आम्ही दोघंही विसरायचो. नात संध्याकाळी वर्ग सुटल्यावर आमच्या घरी यायची आणि माझ्या बायकोला हळूच विचारायची, “आत्या, आबा कुठपर्यंत आले?” बायको आतून ओरडायची, “येशूबरोबर मंदिरातले गल्ले उलथवून राहिले.” पोरगी हसायची, पण चहा तसाच ठेवून निघून जायची. आशिषच्या घरचे तरी किती थांबतील, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

आणि एक दिवस तो फोन आला. “जवाईबापू, घात झाला. याच्या बापाचे बाप दोन हायेत.” मी म्हटलं, कोणाच्या? तर योसेफाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या नवऱ्याच्या. चौघांतला मत्तय सांगतो त्याच्या वडिलांचं नाव याकोब, लूक सांगतो एली. तिथून वर दावीद राजापर्यंत दोन्ही याद्या वेगळ्या. बाकी साक्षीत फरक चालेल, पण बापाच्या नावात फरक म्हणजे मामांच्या शास्त्रात सोयरीक बंद. शिवाय योसेफ येशूचा जन्मदाता नव्हेच असं तेच पुस्तक सांगतं, मग वंशावळ त्याची कशाला दिली, हा दुसरा घोळ. मी चार जाडी पुस्तकं आणली. एक म्हणतं दुसरी यादी येशूच्या आईच्या, मरीयेच्या माहेरची, दुसरं म्हणतं तसं काही नाही, आणि उरलेली दोन वाचून मला माझ्याच आजोबांच्या नावाबद्दल शंका यायला लागली.

शेवटी मामांनी ठरवलं की तोंडावर विचारायचं. आम्ही एसटीने अकोल्याला गेलो, मामा, मी आणि बायको. पोहे झाले, चहा आला, आणि मामांनी बशी खाली ठेवून विचारलं, “राग मानू नका, पन तुमच्या प्रभूचा आजा नेमका कोन?” कंपाउंडर गडबडले. त्यांनी आपलं पुस्तक आणलं, दोन्ही पानं काढली, पुन्हा पुन्हा पाहिली. इतकी वर्षं वाचत होते, पण हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आशिष कपाळाचा घाम पुसत होता. आता ख्रिस्ती घरही गोंधळलं आणि दोष माझ्या इतिहासावर येणार, हे मला दिसत होतं.

कोपऱ्यात आशिषची आजी तूर निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “त्यात काय मोठं. एकानं जन्म दिला असन, दुसऱ्यानं मांडीवर घेतला असन. आपल्याकडे देत नाईत का लेकरू भावाले? मंग दोघंही बापच ना. आन् आमच्या येशूले तरी योसेफानं पोसलंच की. त्याचं नाव नाई लावाचं तर कोनाचं?”

तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. माझ्या बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी मामांकडे बघायचं टाळलं. मामांनी चष्मा काढला, सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाले, “चहा थंडा झाला.” आजीने तो गरम करून आणला आणि त्यांनी तो सगळा प्यायला. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूर गेल्यावर एवढंच म्हणाले, “पोरीले सांगा, तारीख काढा.” मी विचारलं, मग याकोब की एली? म्हणाले, “ते मले अजून समजलं नाई.”

लग्न ठरलं. पत्रिका राजापेठेतल्या छापखान्यात टाकली आणि मजकूर मामांनी स्वतः फोनवर सांगितला. दोन दिवसांनी छापखानेवाल्याने मला बोलावलं. कच्ची प्रत पुढे करून म्हणाला, “सर, निमंत्रकांच्या नावात चूक झाली वाटते. एका माणसाचे दोन वडील छापून आले. कोणते ठेवू?” मी पाहिलं. मामांच्या नावाखाली होतं: कै. सुखदेवराव व कै. किसनराव यांचे चिरंजीव.

मी तिथूनच परतवाड्याला फोन लावला. म्हटलं, मामा, पत्रिका वाचणारे लोक गोंधळतील. “गोंधळू दे,” मामा म्हणाले, “मी नाई गोंधळलो का इतके दिवस?” मी फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडून हळू आवाज आला, “गेला त्या दिवशीही मी त्याले काकाच म्हनलं, जवाईबापू.”

छापखानेवाला पेन्सिल घेऊन उभा होता. मी त्याला सांगितलं, दोन्ही राहू दे.