स्पिरिटने धुतलेलं फुलपाखरू

माझ्या धाकट्या नणंदेला स्वच्छतेचं वेड आहे असं लोक म्हणायचे. वेड बरं, ते कधीतरी उतरतं तरी. पाहुणा चहा पीत असताना ही त्याची बशी उचलून खालचं टेबल पुसायची. तुम्ही बोलत असलात तर तुमच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत नाकावर चढवायची; तोवर तुमचं वाक्यही संपलेलं नसायचं. कमरेला फडकं कायम खोचलेलं. गल्लीत सगळे तिला चकचकताई म्हणत आणि तिला ते कौतुक वाटे.

नवरा गेल्यावर तिला संग्रहालयात झाडपुशीची नोकरी लागली, तीही किड्यांच्या दालनात. घरात कोळी दिसला की चप्पल उचलणारी ही बाई तिथे टाचणीला टोचलेल्या कोळ्यांच्या पेट्यांवरून मायेने फडकं फिरवायची. पहिल्याच आठवड्यात तिने एक पेटी उघडली आणि आतलं फुलपाखरू पितळेच्या भांड्यासारखं घासलं. पंखांवरची धूळ निघता निघेना, म्हणून आणखी घासलं. ती धूळ नव्हतीच, ते पंखांचे खवले होते. घासून उरला तो पतंगाचा कागद.

दालनाचे साहेब तसे मवाळ, पण तेही बोलले. "पुन्हा पंखाला फडकं लागलं, तर दुसरी नोकरी बघा."

दुसरी नोकरी कुठली बघणार? ही सुटली असती तर भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, तोंडाकडे बघत बसावं लागलं असतं. ते तिला मरणाहून वाईट वाटे. असं तिने मला एकदाच सांगितलं, तेही माझ्या खिडकीची कडी घासत.

आणि तरीही एका दुपारी तिचा फोन आला.

"वहिनी, तुम्ही कॉलेजात शिकलात ना? निळं हिरवं झालं तर परत निळं कसं करतात?"

"काय निळं?"

"दाराजवळच्या पेटीतलं मोठं फुलपाखरू."

"फडकं लावलंस?"

"नाही हो. फडक्याला साहेबांची मनाई आहे. मी स्पिरिटचे थेंब सोडले. इतकं मेणचट झालं होतं, बघवत नव्हतं."

मी कॉलेजात इतिहास शिकले. पण हे फोनवर समजावत बसण्यापेक्षा जाणं सोपं होतं. मुलीची रंगपेटी पिशवीत घातली आणि निघाले.

फुलपाखरू तळहाताएवढं, टेबलावर पडलेलं, आणि कच्च्या कैरीसारखं हिरवंगार. मी बशीत रंग कालवायला घेतला.

"हा निळा नाही. हा शाईचा निळा झाला."

"त्या मेलेल्याला काय फरक पडतो?"

"साहेबांना पडतो. ते रोज बघतात त्याला."

"मग घाल थोडा पांढरा."

"पांढरा घातला की भिंतीचा निळा होतो, वहिनी. तुमच्या मोरीच्या भिंतीचा."

आम्ही मोरीवरून भांडत होतो तेवढ्यात पंखाचं टोक निळं झालं. मग निळा सरकत सरकत आत आला.

"तुम्ही काही केलंत?"

"मी अजून ब्रश टेकवलासुद्धा नाही."

बघता बघता फुलपाखरू सगळं निळं, पूर्वीपेक्षा लख्ख. मी रंगपेटी मिटली. "संपलं. कुणाला एक अक्षर बोलू नकोस."

त्याच वेळी साहेब आत आले. शहाण्या बाईने झाडू उचलला असता. ही म्हणाली, "साहेब, हे मघाशी हिरवं झालं होतं. त्याला काही होतंय का?"

"त्याला काय होणार? मेलंय ते." मग साहेब थबकले. "हिरवं कशाने झालं?"

मी तिला चिमटा काढला.

"स्पिरिटने. फडकं नाही लावलं."

साहेब खुर्चीत बसले. लाल झाले. मग भिंग घेऊन पंखांचा कोपरा न् कोपरा तपासला. इजा कुठेच नव्हती. आता रागवावं की समजावून सांगावं, असा त्यांना प्रश्न पडलेला दिसला, आणि शिकवायची खोड असलेल्या माणसाचं जे होतं ते झालं. या पंखात निळा रंग मुळी नाहीच, ते म्हणाले. खवल्यांवर डोळ्यांना न दिसणारे कंगोरे असतात, त्यांत फडताळाच्या फळ्यांसारखे थर, मध्ये हवा. त्या फळ्यांवरून उजेड परततो तेव्हा त्यातला निळा जोर धरतो. हवेच्या जागी स्पिरिट शिरलं की हिरवा जोर धरतो. स्पिरिट उडालं की पुन्हा निळा. कितीतरी भुंग्यांची आणि काही कोळ्यांची चमक अशीच.

"रंग नाही, तर मग दिसतं ते काय?" ती म्हणाली.

"उजेड. पंख कुटून भुकटी केलीत तर ती तपकिरी निघेल."

"कुटायचं राहिलंय अजून," मी म्हणाले. साहेबांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

"ही पेटी ज्यांनी संग्रहालयाला भेट दिली, त्या बाई उद्या येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर हेच करून दाखवा. तुम्हाला कायम करा, असं मी स्वतः वर सांगतो."

मी रंगपेटी पिशवीत घातली. ती मात्र पंखाकडे बघत उभी.

"नाही जमणार, साहेब."

"का?"

"आता ते स्वच्छ आहे. स्वच्छ वस्तू कुणी धुतं का? बघणाऱ्या बाई काय म्हणतील? आधी त्यावर धूळ बसू द्या."

मी तिच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून. ती हलली नाही.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठून फुलपाखरू पेटीत परत टोचलं, झाकण उघडंच ठेवलं आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडली. खालून ट्रक गेला.

"उद्यापर्यंत बसेल ना?" त्यांनी विचारलं.

"बसेल," ती म्हणाली. "पण मला झोप यायची नाही."