एकतीस नंबरचा फोटो

नववीतली ‘माझे आत्मपरीक्षण’ ही वही अजून माझ्याकडे आहे आणि मला तिचा मनापासून वीट येतो. दोनदा रद्दीत टाकली, दोनदा परत काढून आणली. तिच्यात दर प्रकल्पानंतर ‘मी काय शिकले’ यावर एक पान लिहायचं असायचं. सर नमुना फळ्यावर लिहून द्यायचे आणि आम्ही छत्तीस जण तो उतरवून घ्यायचो. छत्तीस जणांना एकाच तासाला निसर्गाचं सौंदर्य उमगायचं, तेही शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

बोरी अरब गावापासून सायकलच्या अंतरावर आमची शाळा होती. सर विज्ञान शिकवायचे आणि लग्नसराईत लग्नांचे फोटो काढायचे. त्यांच्याच कॅमेऱ्याच्या जोरावर त्या वर्षी विज्ञान आणि छायाचित्रण असा जोडवर्ग निघाला. शिकवायचे छान, खोटं कशाला बोलू? बुटाच्या खोक्याला सुईनं भोक पाडून, मागच्या बाजूला तेल लावलेला कागद चिकटवून त्यांनी आम्हाला शाळेतलं कडुलिंबाचं झाड उलटं टांगलेलं दाखवलं, तेव्हा मी घरी जाऊन संध्याकाळभर बडबडत होते. म्हणूनच पुढच्या गोष्टीची शिसारी जास्त येते.

वर्गात मुलं छत्तीस आणि रिळात फोटो छत्तीस. सरांनी नियम केला की हजेरीचा नंबर तोच फोटोचा नंबर. प्रत्येकानं एकदाच बटण दाबायचं, बिघडला तर दुसरा मिळणार नाही. मी वर्गाची मॉनिटर. कोणी काय टिपलं ते रजिस्टरमध्ये लिहून नंबरासमोर टिक करायचं काम माझं.

विषय होता ‘आपलं पांढरं सोनं’. त्या साली पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, बोंडअळी शिरली होती आणि वेचणीच्या बायका कापसापेक्षा किडक्या बोंडांतली सडकी, पिवळी कवडीच जास्त गोळा करत होत्या. पण फळ्यावर सोनंच होतं. माझा नंबर आठ. नाल्याकाठच्या एका झाडावर मी एक टपोरं फुटलेलं बोंड शोधलं, शेजारची डागाळलेली बोंडं हातानं तोडून फेकली, कापसावरचा पाचोळा फुंकरून उडवला आणि मागं निळं आभाळ येईल असा फोटो घेतला. सरांनी आधी कॅमेऱ्यातून डोकावून पाहिलं होतं. म्हणाले, “हा तालुक्याच्या स्पर्धेले जाणार. तुझंच नाव देतो.” मी हवेतच होते.

एकतीस नंबर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा. अबोल, कामात संथ आणि भयंकर चिवट. तिच्या बापाचं वावर शाळेच्या मागंच होतं. नुकसानीची पाहणी करायला पटवारी आला तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मोटारसायकल उभी करून तिथूनच बोलला, “पऱ्हाटी तर हिरवीगार दिसून राह्यली. नुकसान कायचं?” चिखलात उतरायला त्याचे बूट नवे होते. या शेंदरी बोंडअळीची खोड अशी, की ती बोंडाच्या आत बसते. बाहेरून बोंड घट्ट, हिरवं, डागसुद्धा नाही. तिच्या बापानं किडकी बोंडं पिशवीत घालून नेऊन दाखवली तर पटवाऱ्यानं नाकाला रुमाल लावला. कुठलीही सडकी बोंडं आणता न् आपली म्हणता, असं म्हणाला.

मग हिनं ठरवलं, आपला एक फोटो त्यासाठीच. बोंड झाडावर असतानाच ब्लेडनं चिरायचं, आतली अळी दिसली पाहिजे आणि मागं त्यांची विहीर न् विहिरीवरचं वाकडं बाभळीचं झाड दिसलं पाहिजे. विहीर सगळ्या गावाच्या ओळखीची. “मंग कसा म्हणते कुठलंही आणलं म्हणून?” ती मला म्हणाली. तिच्या बापानं पटवाऱ्याच्या हातापाया पडून तहसिलीत जाणारा कागद सोमवारपर्यंत थांबवला. पोरगी फोटो काढून राह्यली, म्हणाला.

शनिवारी शेवटच्या सहा जणांची पाळी होती. शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. सरांनी कपाटातून कॅमेरा काढला. अध्यक्षांना हार, अध्यक्ष नारळ फोडताना, अध्यक्ष दिवा लावताना, अध्यक्ष बोलताना, अध्यक्ष गुरुजनांसोबत आणि शेवटी अध्यक्ष बशीतून चहा पिताना. असे सहा. मी सरांची कॅमेऱ्याची पिशवी धरून अध्यक्षांच्या बाजूलाच उभी होते आणि मनात मोजत होते. गाडी धुरळा उडवत गेल्यावर सरांनी बारकी दांडी फिरवून रीळ गुंडाळलं, काळ्या डबीत टाकलं आणि डबी खिशात घातली.

“सर, उद्याचे सहा?” मी विचारलं.

“दाबू दे ना उद्या. आवाज येतेच,” ते म्हणाले. “रीळ संपलं म्हनलं तर रडत बसतीन. बटन दाबल्याचं समाधान तरी भेटंन. तू बोलू नको कोनाले.”

मी मान हलवली. तालुक्याला जाणारं माझं नाव त्यांच्याच हातात होतं. याहून मोठं कारण शोधायला गेले तर ते खोटं ठरेल.

शनिवारी सकाळी मीच कॅमेरा घेऊन तिच्या वावरात गेले. तिनं आधीच आठ-दहा बोंडं चाचपून ठेवली होती. पहिलं चिरलं, त्यातली अळी अर्धी कापली गेली. दुसऱ्यात नुसती घाण, ओलसर काळा चुरा आणि आंबलेला वास. मी तोंड फिरवलं. तिनं फिरवलं नाही. चौथ्या बोंडात गुलाबी, गुबगुबीत अळी सापडली. ती सरकीत तोंड खुपसून चरत होती. मैत्रीण चिखलात गुडघे टेकून बसली. विहीर दिसावी म्हणून आधी डावीकडे सरकली, मग उजवीकडे. अळी आत जायची, ही काडीनं हळूच बाहेर घ्यायची. बोटांवर चिकट घाण, ती फ्रॉकला पुसायची आणि परत कॅमेरा धरायची. अर्धा तास तरी गेला असेल.

मला तेव्हा सांगता आलं असतं. वावरात आम्ही दोघीच होतो. मी काय बोलले असेन? “श्वास रोखून दाब व, हात हालू देऊ नको.” हे मी बोलले, रिकाम्या कॅमेऱ्यासाठी.

खट् झालं. ती माझ्याकडे बघून इतकी हसली की मी रजिस्टर उघडून त्यात तोंड घातलं आणि एकतीससमोर टिक केली.

सोमवारी सर यवतमाळहून फोटो घेऊन आले. वर्गात तीसच वाटले. उरलेल्या सहांना उभं करून म्हणाले, “तुमचे हात हालले. फोटो आलेच नाही. किती डाव सांगतलं, हात स्थिर ठेवा म्हनून!” खापर फोडायला सहा डोकी आयती समोर होती. मी रजिस्टर चाळत बसले. त्या सहांसाठी फळ्यावर वेगळा नमुना आला: ‘माझा हात हलला. या चुकीतून मी स्थिरतेचे महत्त्व शिकलो.’ माझ्या शेजारी बसून तिनं तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. मधेच स्वतःचा उजवा हात समोर धरून ती तो थरथरतो का ते बघत होती. त्या संध्याकाळी पटवाऱ्याचा कागद ‘नुकसान नाही’ लिहून तहसिलीत गेला.

पंधरा दिवसांनी शाळेत प्रदर्शन भरलं. अध्यक्ष पुन्हा येणार म्हणून सरांनी त्यांचे सहा फोटोही फलकावर लावायला काढले. “छत्तीसच्या छत्तीस लागले पाह्यजे, फलक भरलेला दिसते,” असं म्हणून फोटोंखाली नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायला मला बसवलं. मी निगेटिव्हवर पाहून नंबर टाकत गेले. कोणी चिठ्ठ्या वाचेल असं सरांना वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही.

ती वाचत आली. एकपासून, क्रमानं, तिच्या त्या संथ चालीनं. माझ्या आठ नंबरापाशी थांबून “मस्त आला व” म्हणाली. तिच्या आवाजात हेवा नव्हता. पुढं सरकत सरकत ती एकतीसपाशी आली. तिथं अध्यक्षांच्या गळ्यात झेंडूचा हार पडत होता. फोटोच्या कडेला, हातात सरांची पिशवी धरून, मी उभी होते.

तिनं फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवलं. मग वळून म्हणाली, “तुले माहीत होतं.”

विचारलं नाही, नुसतं म्हणाली. आणि मी काय केलं? “काय?” म्हणाले, कपाळाला आठी घालून. एवढं निर्लज्ज तोंड मी त्यानंतर आजवर केलेलं नाही.

ती माझ्याशी भांडली नाही. वर्गात गेली, वही काढली, फळ्यावरून उतरवलेल्या ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं: ‘माझा हात हलला नव्हता. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं.’ सरांनी शेरा मारला, ‘उद्धटपणा. पुन्हा लिहा.’ तिनं पुन्हा लिहिलं, तेच. सरांनी तिसऱ्यांदा लिहायला लावलं, तिनं तिसऱ्यांदा तेच लिहिलं आणि वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसू लागली.

तालुक्याला माझा फोटो गेला. बक्षीसही आलं, स्टीलचा डबा. आई त्यात डाळ ठेवायची.

वहीतलं ते पान मात्र जसंच्या तसं आहे. ‘या प्रकल्पातून मला खरे ते पाहण्याची आणि खरे ते मांडण्याची सवय लागली.’ अक्षर माझंच, वळणदार. खाली लाल शाईत सरांचा शेरा: ‘प्रामाणिक लेखन.’