वैशाखातला तेरडा

मंडळी, आज मी जिंकले.

शिरूरच्या मळ्यात काकांनी, म्हणजे आप्पांनी, मला बांधालगतची पट्टी रानफुलांसाठी दिली होती. अट एकच: गौरीपर्यंत फुललं नाही, तर नांगर.

मी तेरडा वैशाखातच कोरड्या मातीत पेरला. "मुंग्यांना जेवान घातलंस व्हय?" आप्पा म्हणाले. मी कृषी पदवीधर आहे, पण वाद घातला नाही. रानात गळलेलं बी उन्हाळा मातीतच काढतं आणि ओल मिळताच गवताआधी उगवतं. पावसानंतर पेरलं की गवत पुढे जातं.

आज काकूंनी गौरीसाठी त्याच गुलाबी पट्टीतून तेरडा आणला.

आप्पांनी विचारलं, "माझ्या बांधावर कवा टाकू?"

"वैशाखात."

"आन् मुंग्या?"

"त्यांच्या वाट्याचं जास्त टाका."

तुम्ही रानफुलं कधी पेरता?