गोळे धरून राहिलेत

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर पीएच.डी. करणारी एक मुलगी कॅन्सरच्या पेशींचे गोळे वाढवते. तिच्या प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यांना पेशी चिकटत नाहीत. तळाशी धरायला काही मिळालं नाही, की त्या एकमेकींना धरतात आणि खसखशीएवढा गोळा होतो. धक्का लागला तर तो फुटतो. म्हणून प्लेट घेऊन ती काठोकाठ भरलेला चहा नेल्यासारखी चालते, आणि मी आत शिरलो की मान न वळवता म्हणते, "दादा, दार हळू लावा. गोळे धरून राहिलेत." रोज! मला वैताग येतो.

एकदा चिडून मी विचारलं, "कॅन्सरला एवढं जपता?"

"पोसल्याबिगर मारायचं कसं कळंल?"

परवा औषध घातलेले तिचे गोळे फुटलेले दिसले. तिच्या प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. आमचे सर खूश होऊन म्हणाले, "प्रबंधात याचाच फोटो लावा. झालं तुमचं काम."

तिनं शेजारचा खळगा दाखवला. "सर, हितं तर औषध घातलंच न्हाई, तरी फुटलाय. खाद्य बदलताना माझाच हात जोरात बसला."

"कोण बघतंय ते?"

"मी बघून राहिले की."

सर पुढं काही बोलायच्या आत तिनं प्लेटमध्ये पेशी मारणारं ब्लीच ओतलं.

संध्याकाळी मी निघालो, तेव्हा ती नव्या प्लेटवर वाकली होती. "दादा, दार हळू."

त्या प्लेटमध्ये अजून एकही गोळा धरलेला नव्हता.