कालव्यावरचा साहेब

रविवारी सकाळी कालव्यावर फिरायला गेलो होतो... मी, आमचे हे आणि चिकू. तिथे जे झालं ते दोन दिवस मनातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

कर्जतला राहणाऱ्यांना ती वाट माहीत असेल. आमच्या सोसायटीच्या मागूनच जाते, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला शेतं. जेमतेम एक किलोमीटर, ना चढ ना उतार... आणि थंडीत मस्त ऊन. गुडघेदुखीवाल्यांसाठी एकदम बेस्ट!

चिकू आमच्याकडे आला तो मागच्या वर्षी, दिवाळीनंतर. नेरळ रस्त्याच्या फाट्यावर पडला होता, मागचा पाय मोडलेला. रंग अगदी चिकूसारखा आणि चारही पंजे पांढरे. आजूबाजूच्या टपऱ्यांवर विचारलं, पण कोणाचा ते कोणालाच माहीत नव्हतं.

ह्यांना कुत्रं नकोच होतं. "पाय बरा झाला की सोडायचा," असं ठरलं होतं... पण त्याच सुमारास हे रिटायर झाले. दिवसदिवस खुर्चीत बसून राहायचे, बोलायचे नाहीत. डॉक्टरांनी चिकूला रोज थोडं चालवा म्हणून सांगितलं, आणि त्याला चालवता चालवता हेच चालायला लागले. मग सोडायचा विषय घरात परत कोणी काढला नाही.

तर रविवारी शेतांत उन्हाळी भाताची लावणी चालली होती. सात-आठ बायका चिखलात वाकलेल्या. आम्ही थोडे पुढे गेलो आणि मागून जोरात हाक आली, "सायबा! अरं ए सायबा!"

हे चमकून थांबले. त्यांना वाटलं, आपल्यालाच! "काय हो बाई?" असं विचारलंसुद्धा... तेवढ्यात हातातला पट्टा सुटला आणि चिकू बांधावरून थेट चिखलात.

एक बाई हातातली रोपं टाकून तिथेच खाली बसली होती. माझ्याच वयाची असेल. चिकू तिच्या अंगावर चढत होता, तोंड चाटत होता आणि रडल्यासारखा आवाज काढत होता. तो आवाज वर्षभरात आम्ही कधी ऐकला नव्हता.

तिचं नाव चांगुणा, वरच्या ठाकूरवाडीतली. "पायांत बूट घातल्यावानी दिसतंय ना, म्हनून सायेब," तिने पांढरे पंजे दाखवत सांगितलं.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीच्या कामाला निघाली होती. कुत्रं जावेकडे ठेवलं होतं. "टेंपो निघाला तर ह्यो मागं. पार रस्त्यापर्यंत धावत आला. मी डायवरला सांगतेय, थांब रं, थांब रं... नाय थांबला. मंग दिसायचाच बंद झाला."

बोलता बोलता तिचा हात त्याच्या मागच्या पायावर गेला, हाड जुळल्याची गाठ आहे तिथे. "हितं लागलं व्हय रं?" एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. भट्टीवरून परत आल्यावर तिने खूप शोधला होता. वाडीतल्यांनी सांगितलं, मेला असेल, आता सोड नाद.

आम्ही दोघं बांधावर उभे. खरं सांगते... क्षणभर मनात असंही आलं की सरळ पट्टा धरावा आणि त्याला घेऊन घरी जावं. औषधपाणी आम्ही केलं, वर्षभर सांभाळला आम्ही...

ह्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि चिखलात उतरले. मला वाटलं, आणायलाच चाललेत. पण त्यांनी वाकून त्याच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि तिला विचारलं, "यंदा जाणार आहात भट्टीवर?"

"नाय भाऊ. आता हितंच काम मिळतंय. नाय जायाचं कुठं."

"मग घेऊन जा. तुमचाच आहे."

ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमाला करमंल का पन?"

"बघू," हे म्हणाले. मग पोळी दुधात भिजवून लागते, फटाक्यांना घाबरतो, थंडीत पाय दुखला की शेकावा लागतो... सगळं सांगत उभे राहिले. वर्षभरात एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. लावणी थांबवून बाकीच्या बायकाही ऐकत होत्या. चांगुणाबाई मान डोलवत होती. "भाकर पन खातो ओ त्यो," म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

आम्ही निघालो. वाटलं, मागे येईल. नाही आला. दुपारी त्याचं भांडं घासून पालथं घातलं आणि मी स्वयंपाकघरातच रडून घेतलं.

काल सकाळी मी म्हटलं, आज नको जाऊया. तर हे बूट घालून दारात उभे. "चल," म्हणाले.

लावणी पुढच्या शेतात सरकली होती आणि बांधावर साहेब उन्हात झोपलेले! आम्हाला बघून उठला, धावत आला, ह्यांच्या पायांत घोटाळला आणि आमच्याबरोबर चालायला लागला. पट्टा नाही, काही नाही... सोसायटीच्या अलीकडे छोटा पूल आहे, तिथपर्यंत आला. थांबला. जरा वेळ आमच्याकडे बघितलं आणि शेपटी हलवत चांगुणाबाईकडे परत निघाला.

ह्यांनी हाक मारली नाही. तो बांधावर पोचेपर्यंत नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बघितलंस? अजिबात लंगडत नाही आता."

त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष आमच्या वाट्याला आलं... पुष्कळ झालं.