सरांच्या नावाचं प्रमाणपत्र

"खुर्चीत नको बसू. उभ्यानंच कर."

सरांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. संशोधनातल्या नीतिमत्तेचा ऑनलाइन कोर्स होता. सरांना सक्तीचा, म्हणून तो मी करायचा. त्यांच्या नावानं. मी म्हणाले, "सर, मला यातलं काही माहीत नाही." खोलीत दोन पाहुणे प्राध्यापक चहा पीत होते. सर त्यांच्याकडं बघून हसले. "ऊसतोड्याची पोरगी तू. तुला नीतिमत्ता कळायला कोण सांगतंय? खुणा कर नुसत्या."

पाहुणेही हसले. मी वाकून उत्तरांपुढं खुणा केल्या. दोनदा नापास. तिसऱ्यांदा नीट वाचून पास झाले. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. ज्या बाईचं रक्त घेतो, तिच्या जिवाची जबाबदारी आपली. हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. प्रमाणपत्र सरांनी फ्रेम करून भिंतीला लावलं.

सरांचा अभ्यास लोहाच्या गोळ्यांचा. वडवणी तालुक्यातल्या माझ्याच गावच्या बायका. बोटाला सुई टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन बघायचं, गोळ्या द्यायच्या, डिसेंबरात पुन्हा बघायचं. आठाच्या खाली कुणी गेली, तर तिला लगेच दवाखान्यात न्यायचं. माझी पीएच.डी. सरांच्या सहीवर अडलेली, त्यामुळं हिंडायचं काम माझं.

डिसेंबरात गेले. घरोघर कुलपं. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला जातात, हे बीड जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सरांच्या कागदात ते कुठंच नव्हतं. मी फोन केला, "सर, बाया ऊसतोडीला गेल्यात. कर्नाटकात."

"मग मागचे आकडे बघ. प्रत्येकीला थोडं थोडं वाढवून भर."

भरलं. देवळाच्या पायरीवर बसून, एका दुपारीत, माझ्याच अक्षरात. लाज वाटत होती, तरी भरलं. सतरा नंबरची बाई माझी आई. पहिल्या वेळी तिचं रक्त साडेआठ होतं. मी साडेदहा लिहिलं. आईला द्यायला माझ्याकडं कधी काही नव्हतं. आकडा तेवढा सढळ हातानं दिला.

संक्रांतीनंतर आई उसाच्या फडात कोसळली. वडिलांनी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणलं, मीही पोचले. रक्त पाच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी तपासलं होतं?"

आईचे ओठ पांढरेफटक पडले होते. तरी कौतुकानं बोलली, "माझ्या लेकीनंच तपासलंय की. लई शिकलीय ती."

"मग गोळ्या घेतल्या नाहीत?"

"मळमळायचं बाई. वाकता येत न्हवतं. कुनी इचारलंच न्हाई."

सगळ्या गोळ्या तिच्या पिशवीत तशाच होत्या. आणि सरांच्या शोधनिबंधात त्याच गोळ्यांनी तिचं रक्त वाढलेलं. तिथंच फरशीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

आठवड्यानं सरांनी बोलावलं. निबंध पुढं टाकला. "तुझंही नाव घातलंय. शेवटी. कर सही."

"नाही करणार."

"का?"

"तो कोर्स मी केलाय, सर. तुम्ही नाही."

सर उठून उभे राहिले. "फॉर्मवर अक्षर कुणाचंय? माझ्याआधी तू मरशील."

खरं आहे. अक्षर माझंच आहे. पण त्याच दिवशी विद्यापीठाला तक्रारीचा अर्ज लिहिला. खोटे आकडे भरणाऱ्यांत पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. पीएच.डी. जाईल. उद्या दुसरीकडं कुणी काम देईल, असंही नाही.

आई अजून खाटेवर आहे. शेजारच्या बाईला माझं कौतुक सांगत असते. ते मला ऐकवत नाही. आज सतरा नंबरचा फॉर्म घेऊन तिच्याजवळ बसणार आहे. तिला वाचता येत नाही. मीच वाचून दाखवणार, हे खोटं मी लिहिलं म्हणून.

टोळ्या परत आल्या की उरलेल्या प्रत्येकीच्या दारात जाणार. दगड मारला तरी जागचं हलणार नाही.